पाच वाजताची लाइन

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी विचारत नाहीत, फोन विचारतात. फोन लोखंडी कपाटात जातो, कपाटाला कुलूप लागतं, आणि मग पाहुण्याला माझ्या हातचा पाल्याचा चहा मिळतो. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. पहिला घोट घेऊन सगळे "आहा" म्हणतात. मी इथली स्वयंपाकीण. नऊ वर्षं झाली, पण तो कप संपवलेला एकही माणूस मी पाहिला नाही. कप झाडांच्या मुळाशी रिकामे होतात, आणि झाडं बिचारी काही बोलत नाहीत.

जंगलात दहा लाकडी खोल्या आहेत. खोली म्हणायचं नाही, केबिन म्हणायचं. गादी अशी की माणूस आत रुतून बसतो, नळाला चोवीस तास गरम पाणी, पायाखाली लोकरीचा गालिचा, खिडकीबाहेर नुसती झाडं. टीव्ही नाही, फोन नाही, भिंतीवर घड्याळसुद्धा नाही. घड्याळ फक्त माझ्या स्वयंपाकघरात, कारण पाहुण्यांना काळाचं भान नको असलं तरी जेवण वेळेवर हवं असतं. इतका गुबगुबीत संन्यास मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

खरी गोष्ट अशी आहे की या दरीत रेंजच येत नाही. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, जमीन घेतली तेव्हा हे तपासायचं राहून गेलं. पहिली दोन वर्षं पाहुणे फोन धरलेला हात वर करून अंगणभर फिरायचे, साहेबांच्या नावाने बोटं मोडायचे आणि दुसऱ्या दिवशी सामान उचलायचे. साहेब डोक्याला हात लावून बसले. मग त्यांची मेहुणी आली. ती जाहिरातीच्या धंद्यात आहे. ती म्हणाली, "भावोजी, माफी कसली मागताय? हेच विका." झालं. जे आमच्याकडे नव्हतंच ते आम्ही लोकांकडून काढून घ्यायला लागलो, आणि लोक त्यासाठी तीन-तीन महिने आधी नाव नोंदवायला लागले.

त्या कपाटाची किल्ली असते लाइनमनमामांकडे. माझी ही सगळी बडबड त्यांच्यासाठीच चालली आहे.

मामा टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं लाइनमन होते. या दरीतला एकेक खांब मी खांद्यावरून आणलाय, असं ते सांगतात. मला पटतं, कारण त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. माणसं त्यांना नावाने आठवत नाहीत, नंबराने आठवतात. माझं माहेर म्हणजे त्यांच्या लेखी "तीनशे बारा". माझे वडील गेले तेव्हा भेटायला आले आणि म्हणाले, "तीनशे बाराची घंटा फार गोड होती." मी रडता रडता हसले. निवृत्त झाल्यावर साहेबांनी त्यांना देखभालीला ठेवलं. जन्मभर माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून तारा ओढल्या, आणि म्हातारपणी माणसांनी बोलू नये म्हणून किल्ली सांभाळायची. असली चेष्टा नशीबच करू जाणे.

आमच्याकडे एक फोन मात्र चालायचा. माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या ऑफिसात काळा, चकती फिरवायचा जुना फोन होता. मागच्या मोठ्या झाडावर तारेची डबी ठोकलेली, तिथून तार खिडकीतून आत यायची. खात्यात असताना मामांनीच ओढलेली. रोज संध्याकाळी पाच वाजता तो वाजायचा आणि पलीकडे असायची मामी.

मामी शहरात लेकीकडे असते. गेल्या वर्षी पडली, खुब्याचं हाड मोडलं. डोंगरातला रस्ता तिला झेपत नाही आणि लेकीच्या दोन खोल्यांत मामांना जागा नाही. मामा पंधरा दिवसांतून एकदा बसने जाऊन येतात. उरलेले दिवस पाचचा फोन. पाचच का, तर चारला तिचा पाय हलवून घ्यायला बाई येते आणि सहाला लेक-जावई कामावरून परततात. मधला तास घरात ती एकटी. जावयादेखत नवऱ्याशी भांडायचं तिला बरं वाटत नाही, आणि भांडल्याशिवाय तिला करमत नाही.

काय बोलायचे म्हणता? छत्री कुठे ठेवलीत. खोकला गेला का. मोज्याला भोक पडलंय ते कुणाकडून शिवून घेतलंत, का तसंच घालताय. मामी लांबचा फोन म्हणून ओरडून बोलते, त्यामुळे मला पोळपाटापाशी सगळं ऐकू यायचं. मामा इकडून "हं" म्हणायचे. तासभर "हं". पण फोन ठेवून बाहेर आले की त्यांचा तो खाली गेलेला खांदा जरा वर आलेला असायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर एका शुक्रवारी मेहुणी नवीन पुस्तिकेचे फोटो काढायला आली. कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाली, "भावोजी, ही तार काय आहे? प्रत्येक फोटोत येतेय."

साहेब म्हणाले, "मामा, काढून टाका ती तार. तसंही आपल्या तत्त्वात बसत नाही. सोमवारी मी टेलिफोन ऑफिसात अर्ज देतो, कायमचाच बंद करू फोन."

मामा म्हणाले, "बरं साहेब."

बस्स. एवढंच. मला मामांचा असा संताप आला की हातातली पळी आपटली. माणूस काहीतरी बोलेल की नाही? पण तेहतीस वर्षं सरकारी नोकरी. वरून आदेश आला की लाइन बंद. मामांनी शिडी लावली, तार उतरवली, तिचं छान गोल भेंडोळं केलं, फोन फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पिठाच्या डब्यामागे ठेवला.

"अहो, निदान मामीला कळवा," मी म्हटलं. "मेहुणीबाई शहरात परत चालल्यात. त्यांच्याकडे निरोप द्या."

"परक्या बाईच्या हाती काय निरोप देऊ, ताई? उद्यापासून तुमच्याशी बोलणार नाही, असा?"

मामा शिडीवर होते तेव्हाच, दुपारी चारला, नव्या पाहुण्यांचा मुक्तिविधी झाला. हा विधी साहेबांचा लाडका. अकरा पाहुणे तळ्याकाठी गोल उभे राहतात, फोन कपाटात बंद झालेले असतात, आणि एक जण किल्ली तळ्यात भिरकावतो. सगळे डोळे मिटून मोठ्ठा श्वास सोडतात. किल्ली अर्थातच खोटी. मामा भंगारवाल्याकडून गंजक्या किल्ल्यांची पिशवी आणून ठेवतात, खरी त्यांच्या खिळ्यावर टांगलेली असते. आमच्या तळ्याच्या तळाशी आता मासे कमी आणि किल्ल्या जास्त आहेत. त्या दिवशी मेहुणी म्हणाली की गंजकी किल्ली फोटोत भिकार दिसते, चकचकीत हवी. मामा तेव्हा शिडीवर तार सोडवत होते. साहेब स्वतः आत गेले, चकचकीत किल्ली घेऊन आले आणि फोटोसाठी स्वतःच्या हाताने दूर फेकली. त्याआधी, तेही फोटोसाठीच, त्यांनी स्वतःचा फोन कपाटात ठेवला होता. मेहुणी खूश होऊन साहेबांचीच गाडी घेऊन शहरात गेली. फोन केलात की गाडी पाठवते, असं सांगून गेली.

पाच वाजले. मामा माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. घड्याळाकडे बघत होते. मी खरा चहा केला, दुधाचा, दोन चमचे साखरेचा. त्याच्यावर साय धरली तरी त्यांनी हात लावला नाही. सहा वाजता उठले आणि कंदील पुसायला गेले. शनिवारीही तसंच. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, आणि सूप खारट झालं. पाहुण्यांनी ते समुद्राची आठवण करून देणारं म्हणून वाखाणलं.

रविवारी दहा वाजता पाहुण्यांना फोन परत करायची वेळ झाली. मामा खिळ्यापाशी गेले. खिळा रिकामा. साहेबांना विचारलं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मग ते तळ्याकडे बघत राहिले.

कपाट बँकेच्या जुन्या सामानातलं होतं, साहेबांनी मुद्दाम घेतलेलं. मामांनी छिन्नी-हातोडा चालवून पाहिला, छिन्नीची धार गेली. दोन दिवस मंद आवाजात बोलणारे, पानं पायाखाली येऊ नयेत म्हणून जपून चालणारे अकरा पाहुणे अर्ध्या तासात बाजारासारखे कालवा करायला लागले. कुणाची गाडी चुकणार, कुणाची मीटिंग. एक दातांचे डॉक्टर सकाळीच म्हणाले होते की मला आता फोनची गरजच उरली नाही. ते कपाटाला लाथा घालत होते.

साहेब स्वयंपाकघरात आले. "मामा, तो फोन... जोडता येईल का?"

मामा पीठ चाळायला मला मदत करत होते. चाळणी न थांबवता म्हणाले, "लेखी द्या."

"काय?"

"बंद करायला तोंडी चाललं साहेब, ती माझी चूक झाली. चालू करायला लेखी लागतं."

मी पदराआड हसले. साहेबांनी पाहुण्यांकडून भरून घ्यायच्या मौनाच्या शपथेचा एक कागद उलटा केला आणि माझ्या ओट्यावर वाकून लिहिलं. मामा सांगत होते, साहेब लिहीत होते: टेलिफोन चालू करावा, व पुढील लेखी आदेशापर्यंत चालू ठेवावा. खाली सही. मामांनी कागद वाचला, घडी केली, खिशात घातला, आणि मग शिडी घेतली. वीस मिनिटांत फोनात घूं आवाज यायला लागला.

आणि खरी मजा पुढेच. साहेबांनी रिसीव्हर उचलला, बोट चकतीत घातलं आणि तसेच उभे राहिले. मेहुणीचा नंबर? माहीत नाही. बायकोचा? "सात... नव्वद..." माहीत नाही. सगळे नंबर कपाटात होते. मग पाहुणे एकेक पुढे आले. वकीलबाईंना फक्त आपल्या गाडीचा नंबर आठवला. एक नवरा-बायको होते. नवऱ्याला बायकोचा नंबर येत नव्हता आणि बायकोला नवऱ्याचा, आणि दोघंही शेजारी उभं राहून एकमेकांवर रुसले. अकरा शिकलेली माणसं, आणि एकालाही आपलं म्हणावं असं माणूस पाठ नव्हतं.

"कुलूपवाला चारशे सतरा," मामा म्हणाले. "त्याच्या बापाच्या वेळची लाइन आहे, मीच टाकली होती. आता पुढे दोन आकडे वाढलेत." त्यांनी फिरवला. कुलूपवाल्याने उचलला. म्हणाला, येतो, पण जेवून, जरा पाठ टेकून, पाचपर्यंत. मोटरसायकलवर यायलाच दोन तास लागतात.

मग रांग लागली. मामा रांगेत शिरले नाहीत, त्यांची वेळ पाचची. काम कुणाचंच होत नव्हतं, पण प्रत्येकाला फोन कानाला लावून बघायचा होता. दातांच्या डॉक्टरांना लहानपणीच्या घराचा नंबर आठवला. फिरवला. त्या घरात आता टायरचं गोदाम आहे. गोदामवाल्याशी ते दहा मिनिटं बोलले, मागच्या अंगणात विहीर आहे का अजून, विचारलं. आहे म्हणाला. डॉक्टर बाहेर आले ते नाक पुसत. सकाळी हेच कपाटाला लाथा घालत होते, पण मला त्यांची दया आली.

पाच वाजता साहेबांची पाळी होती. ते अजून बायकोचे आकडे जुळवत होते. रिसीव्हर खाली ठेवला तेवढ्यात फोनच वाजला. साहेबांनी दचकून कानाला लावला, आणि मामीचा आवाज अकरा माणसांच्या डोक्यावरून माझ्या ओट्यापर्यंत आला.

"परवा कुठे होतात? काल कुठे होतात? दोन दिवस लावतेय, नुसती घंटा जातेय. पाय लोंबकळत ठेवून बसले, सुजलाय भोपळ्याएवढा. लेकीला म्हटलं, तुझे बाबा गेले बहुतेक. ती म्हणते, गेले असते तर कुणी कळवलं असतं. मी म्हटलं, कोण कळवणार, फोन तेच उचलतात."

साहेब म्हणाले, "अहो बाई, मी मालक बोलतोय."

मग मामी म्हणाली, पहिल्यांदाच हळू, "मालक, माणूस आहे ना हो?"

साहेबांनी रिसीव्हर मामांच्या हातात दिला. मामा म्हणाले, "हं." मी भिंतीकडे तोंड केलं. पाहुणे सगळे ढिम्म उभे. नंतर वकीलबाई म्हणाल्या की दोन दिवसांतलं हे सगळ्यात उत्तम सत्र होतं, आणि मला तिच्या अंगावर कालवण ओतावंसं वाटलं.

कुलूपवाला आला, सात मिनिटांत कपाट उघडलं, सगळे गेले. फोन राहिला. लेखी आदेश होता ना. मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

पण साहेबांना मी नऊ वर्षांत ओळखायला हवं होतं. पुढच्या शुक्रवारी ऑफिसच्या दारावर पाटी: "संवादकुटी. दररोज पाच ते सहा. आपलं माणूस आठवा." पाहुण्यांनी आगाऊ पाळी लावायची, चकती फिरवायची, पाठ असलेला नंबर लावायचा. मेहुणीची कल्पना. पाचचीच वेळ का, तर तेव्हाच तो अस्सल प्रसंग घडला होता आणि खिडकीतून उन्हं छान येतात.

मामा साहेबांकडे गेले. साहेब प्रेमाने म्हणाले, "मामा, फोन तुमच्यामुळेच वाचला. मामींना म्हणावं, चारला करा." कागदावर फोन चालू ठेवावा असं होतं, पाचला कुणी बोलावं ते नव्हतं. मामा परत आले आणि खिशातला कागद काढून वाचत बसले, एखादी ओळ राहिली असेल म्हणून. ते बघून माझा जीव तुटला.

मामा आपल्या पाळीच्या रविवारी शहरात गेले. परत आले तेव्हा पिशवीत त्यांचा लाइनमनचा हातफोन होता, दोन चिमटे लोंबणारा, खांबावर चढून तारेला लावून बोलायचा. निवृत्तीच्या दिवशी खात्याने भेट दिलेला, मामीच्या फडताळात पडून होता. "तिनेच हातात दिला," मामा म्हणाले. "म्हणाली, मी चारला बोलणार नाही. माझी वेळ पाचची आहे. तुम्ही लाइनमन आहात ना?"

तेव्हापासून आमच्या फोनला एक विचित्र रोग जडला. रोज पाचला पाच मिनिटं कमी असताना लाइन मरते. पाहुणा चकती फिरवतो, आत काही नाही. साहेब हाक मारतात, "मामा, लाइनला काय झालं?" मामा म्हणतात, "बघतो साहेब, दोष शोधावा लागेल." मग मागच्या मोठ्या झाडापाशी जातात, डबी उघडतात, चिमटे लावतात आणि बुंध्याकडे तोंड करून तासभर उभे राहतात. पुढून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: एक म्हातारा झाडाला कान लावून उभा आहे, आणि अधूनमधून "हं" म्हणतोय. सहाला दोष सापडतो.

पाहुण्यांनी मला विचारलं, ते काय करतात? मी म्हटलं, ऐकतात. खोटं थोडंच बोलले? वकीलबाई पुन्हा आली होती. दुसऱ्या दिवशी पाचला ती शेजारच्या झाडाला कान लावून उभी. तिसऱ्या दिवशी चौघं. महिन्याभरात संवादकुटीची पाटी उतरली आणि नवी पुस्तिका छापून आली, त्यात पाच ते सहा "वृक्षश्रवण". फोनकडे आता कुणी फिरकत नाही. फोटोत मामा पाठमोरे आहेत. तार दिसते, पण मेहुणीला ती वेल वाटली.

परवा मी मामांना चहा द्यायला झाडापाशी गेले. खरा चहा. आजूबाजूला अकरा माणसं, डोळे मिटून, कान सालीला चिकटवून. मुंग्या चढत होत्या, पण कुणी हलत नव्हतं. मामीचा आवाज चिमट्यांच्या फोनातून मला स्पष्ट आला.

"आज मागे इतकं गप्प का आहे? एकटे आहात का?"

"नाही गं, अकरा माणसं आहेत."

"मग बोलत का नाहीत?"

"झाडाचं ऐकतायत."

"मग मी हळू बोलू का?"

"नको," मामा म्हणाले. "मोठ्यानं बोल. त्यांनाही काहीतरी ऐकू येऊ दे."

तिने मोज्याच्या भोकाचं काढलं. मी कप झाडाच्या मुळाशी ठेवला आणि कणीक भिजवायला परत आले.